एमएसमध्ये पायाला दिलेला करंट आणि मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया: ताठरपणा वाढतो की कमी होतो?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझ्या पत्नीचे वय ४३ आहे आणि तिला मल्टिपल स्क्लेरोसिसचे (एमएस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंचे आवरण उखडणारा आजार) निदान होऊन अकरा वर्षे झाली. पहिली सात-आठ वर्षे आजाराचे झटके येत आणि काही आठवड्यांत ओसरत. गेल्या तीन वर्षांत वेगळा असा झटका आलेला नाही, मात्र उजव्या पायाची ताकद हळूहळू कमी होत चालली आहे. चालताना उजवा चवडा उचलला जात नाही आणि चपलेचे टोक जमिनीला घासते. दोन-अडीच महिन्यांत उजव्या चपलेचा पुढचा भाग झिजून कागदासारखा पातळ होतो, तर त्याच जोडातली डावी चप्पल जशीच्या तशी असते. उंबरठ्याला अडखळून ती दोनदा पडली. पोटरी ताठ राहते म्हणून बॅक्लोफेनची १० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा चालू आहे.

गेल्या महिन्यापासून फिजिओथेरपीत तिच्या नडगीच्या बाहेरच्या अंगाला दोन पॅड चिकटवून करंट दिला जातो. पहिल्या दिवशी पाऊल घोट्यातून वर आले तेव्हा ती पायाकडे बघतच राहिली, कारण तो पाय तसा वर आलेला तिने कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. पण चौथ्या दिवशी करंट सुरू होताच पाऊल झटक्याने वर गेले, थडथडू लागले आणि पोटरीत गोळा आला. आम्ही विचारले, तेव्हा "सवय होईल" एवढेच उत्तर मिळाले.

त्याच आठवड्यात आलेल्या चेतातपासणीच्या अहवालात उजव्या पोटरीच्या सोलियस स्नायूचा एच-रिफ्लेक्स (विद्युत ठोका देऊन मोजलेली प्रतिक्षिप्त क्रिया) वाढलेला असून एच आणि एम यांचे गुणोत्तर ०.७ आहे, असे लिहिले आहे. हा आकडा वाचल्यापासून मला भीती वाटते की ज्या मज्जारज्जूची प्रतिक्रिया आधीच वाढलेली आहे, त्याच मज्जारज्जूला आपण बाहेरून आणखी चेतवत तर नाही ना? करंटमुळे ताठरपणा वाढतो का, हे गुणोत्तर खाली आणणे हेच उपचाराचे ध्येय मानावे का, आणि आतला बिघाड यातून थोडा तरी भरून निघतो का, हे जाणकारांनी समजावून सांगावे, ही विनंती.

घोटा_आणि_चवडा

मी गेली चौदा वर्षे चेताविकारांच्या रुग्णांसाठी फिजिओथेरपी करते. "सवय होईल" हे उत्तर मला पटलेले नाही, म्हणून आधी तेवढ्यापुरते लिहिते.

आपण केलेल्या वर्णनात सर्वांत महत्त्वाचा शब्द "झटक्याने" हा आहे. यंत्राचा करंट शून्यापासून पूर्ण जोरापर्यंत किती वेळात चढतो, हे ठरवणारी एक सेटिंग असते आणि तिला आम्ही रॅम्प म्हणतो. हा चढ फार तीव्र ठेवला तर नडगीचा स्नायू पाऊल एकदम वर खेचतो, त्याच क्षणी मागची पोटरी वेगाने ताणली जाते, आणि ताठरपणा असलेल्या पोटरीला वेगाने बसलेला ताण अजिबात चालत नाही. ती उलट खेचते, पाऊल खाली जाते, पुन्हा ताणले जाते, पुन्हा खेचते. सेकंदाला पाच-सात वेळा होणारी ही थडथड म्हणजे क्लोनस. म्हणून पुढच्या वेळी चढ एक ते दोन सेकंदांपर्यंत लांबवायला सांगा. एवढ्याने थडथड थांबली, तर तिचे कारण ताणाचा वेग हेच होते, असे समजायला हरकत नाही.

त्वचेला टोचण्याइतका जोराचा करंट दिला गेला असेल, तर त्या वेदनेनेही पाय आखडून वर ओढला जातो. काट्यावर पाऊल पडल्यावर पाय आपोआप मागे घेतला जातो, त्याच जातीची ही क्रिया असते. एमएसमध्ये काही ठिकाणी त्वचेची जाणीव कमी झालेली असते आणि भाजल्याचे रुग्णाला कळतही नाही. त्यामुळे पॅड लावण्याआधी कापसाने आणि टोकदार वस्तूने जाणीव तपासली होती का, हे विचारा. पेसमेकर, फिट येण्याचा इतिहास, गरोदरपण, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, पॅडच्या जागी जखम किंवा पोटात बसवलेला बॅक्लोफेनचा पंप, यांपैकी काहीही असेल तर चेतातज्ज्ञांना विचारल्याशिवाय करंट घेऊ नये. चालण्यासाठी फॅम्प्रिडीन चालू असेल तर तेही सांगावे, कारण त्या औषधाने फिट येण्याचा धोका असतो. आणि करंटने बरे वाटले तरी बॅक्लोफेन आपल्या मनाने एकदम बंद करू नये. ते अचानक थांबवल्यास ताठरपणा उसळतोच, शिवाय भ्रम होणे आणि फिट येणे असेही घडू शकते.

शरीरक्रिया_वर्ग

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो आणि एच-रिफ्लेक्सचे प्रात्यक्षिक दरवर्षी विद्यार्थ्यांकडून करून घेतो, म्हणून आपल्या अहवालातील आकड्याबद्दल सविस्तर लिहितो.

डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारतात तेव्हा मांडीचा स्नायू क्षणभर ताणला जातो. त्या स्नायूतील ताणाची नोंद घेणारे सूक्ष्म अवयव जाड आणि जलद चेतातंतूंमार्फत मज्जारज्जूला वर्दी देतात. तेथे तो तंतू थेट त्याच स्नायूच्या चालक चेतापेशीशी जोडलेला असतो आणि मेंदूला विचारण्यापूर्वीच पाय उडतो. पॉल हॉफमन या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१० मध्ये पोटरीच्या बाबतीत दाखवले की हातोडीऐवजी गुडघ्याच्या लवणीत सौम्य विद्युत ठोका दिला तरी हेच वर्तुळ पूर्ण होते. त्याच्याच आद्याक्षरावरून या प्रतिसादाला एच म्हणतात.

आपल्या पत्नीच्या तपासणीत काय झाले असेल ते पाहा. त्यांना पालथे झोपवून लवणीतल्या चेतेवर सुमारे एक मिलिसेकंद लांबीचे ठोके दिले असतील. ताणाची वर्दी नेणारे तंतू सर्वांत जाड असल्यामुळे कमी जोराच्या ठोक्याने तेच आधी चेततात. वर्दी मज्जारज्जूपर्यंत जाऊन परत येते आणि सुमारे ३० मिलिसेकंदांनी पोटरीत एक लहर उमटते, ती एच. ठोका वाढवला की स्नायूकडे जाणारे चालक तंतूही थेट चेततात आणि वर न जाता पाचेक मिलिसेकंदांतच दुसरी लहर येते, ती एम. आणखी वाढवत गेल्यास एम मोठी होते आणि एच लहान होत नाहीशी होते, कारण चालक तंतूंतून उलट्या दिशेने मज्जारज्जूकडे निघालेले संदेश खाली येणाऱ्या संदेशांना वाटेत भेटतात आणि दोन्ही विझतात. पडद्यावर एक लहर दुसरीला गिळताना दिसते तेव्हा वर्गातले सगळे विद्यार्थी पुढे सरकतात.

सर्वांत मोठ्या एचला सर्वांत मोठ्या एमने भागले की पोटरीच्या एकूण चालक पेशींपैकी किती पेशी या प्रतिक्षिप्त मार्गाने चेतवता येतात, याचा अंदाज मिळतो. आपल्या अहवालातील ०.७ चा अर्थ एवढाच की तो हिस्सा मोठा आहे. परंतु निरोगी माणसांतही हे गुणोत्तर एकापासून दुसऱ्यापर्यंत फार बदलते. त्याच माणसाने दात आवळले, मान वळवली किंवा झोपण्याऐवजी उभा राहिला तरी आकडा हलतो. म्हणून एका दिवसाच्या एका आकड्यावरून भीती बाळगू नये आणि तो आकडा खाली आणणे हे ध्येयही मानू नये. फिजिओथेरपिस्ट हाताने पाय हलवून ताठरपणाला जी श्रेणी देतात, तिच्याशीही या गुणोत्तराचा मेळ नेहमी बसत नाही. ही अ‍ॅशवर्थ श्रेणी मुळात १९६४ मध्ये एमएसच्याच रुग्णांवरील एका औषधाच्या चाचणीसाठी तयार झाली होती, हे सहज आठवले म्हणून सांगतो.

अधिक बोलकी गोष्ट आहे ती लगामांची. निरोगी मज्जारज्जूत ही प्रतिक्रिया मोकळी सुटलेली नसते. ताणाची वर्दी आणणाऱ्या तंतूच्या टोकावरच दुसऱ्या पेशी दाब ठेवतात आणि संदेश पुढे नेणारे रसायन तेथून कमी सुटू देतात. बॅक्लोफेनचा परिणाम बऱ्याच अंशी याच ठिकाणी होतो. तोच मार्ग लागोपाठ वापरला तर तो स्वतःच मंदावतो, त्यामुळे दहा सेकंदांनी एकदा दिलेल्या ठोक्याला मोठी एच येते आणि सेकंदाला एक ठोका दिला की ती लहान होते. आणि नडगीचा स्नायू काम करू लागला की त्याच्याकडून आलेली वर्दी पोटरीच्या चालक पेशींना गप्प बसवते. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी प्राण्यांत सविस्तर अभ्यासलेला हा परस्पर अवरोध, म्हणजे एकाने ओढताना समोरच्याने सोडायचे ही व्यवस्था. एमएसमध्ये मेंदूकडून खाली येणाऱ्या तंतूंवरचे मायलिनचे आवरण उखडते, काही तंतू कायमचे नष्ट होतात आणि वरून या व्यवस्थेवर असलेले नियंत्रण सैल पडते. ताठरपणा असलेल्या एमएस रुग्णांत हा परस्पर अवरोध क्षीण झालेला असतो, हे कोपनहेगनच्या संशोधकांनी १९९४ मध्ये मोजून दाखवले. लागोपाठ वापराने येणारे मंदावणेही अशा रुग्णांत कमी होते.

आता आपला मूळ प्रश्न. आपल्या पत्नीला करंट पोटरीवर नाही, नडगीकडे जाणाऱ्या चेतेवर दिला जात आहे. त्या चेतेत स्नायूला आज्ञा नेणारे तंतू आहेत, तसेच मज्जारज्जूकडे वर्दी नेणारेही आहेत, आणि ही वर्दी पोटरीला सोडायला सांगणारी असते. म्हणजे सौम्यपणे आणि हळू चढ ठेवून दिलेला करंट मज्जारज्जूला उगाच डिवचत नाही, उलट सैल पडलेला एक लगाम काही काळ बाहेरून खेचून धरतो. हा काळ किती, हा खरा प्रश्न आहे. २००३ साली निरोगी व्यक्तींवर झालेल्या एका अभ्यासात सेकंदाला १०० या वेगाने दहा ठोक्यांचा एक झुपका, दर दीड सेकंदाला, असा अर्धा तास करंट दिल्यावर परस्पर अवरोध वाढला, पण तो काही मिनिटेच टिकला. तेवढेच ठोके एकसारख्या अंतराने दिले तेव्हा तो वाढलाही नाही. मज्जारज्जू ठोक्यांची संख्या मोजत नाही, त्यांची लय ओळखतो, हे मला या अभ्यासातले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

याच कारणाने एक सावधगिरीही सांगतो. अलीकडे एक मिलिसेकंद लांबीचे ठोके सेकंदाला १०० या वेगाने देण्याची पद्धत प्रयोगांत वापरली जाते. तिच्यात वर्दीचे तंतू अधिक चेततात आणि स्नायूच्या आकुंचनाचा काही भाग मज्जारज्जूमार्गे येतो. सुदृढ किंवा अशक्त स्नायूसाठी ती उपयोगी असू शकते, परंतु ज्या पोटरीत आधीच गोळे येतात तिच्यावर ती थेट लावू नये. चालताना करंटने पाऊल उचलणाऱ्या यंत्रात ठोका साधारण ३०० मायक्रोसेकंदांच्या (०.३ मिलिसेकंद) आसपासचा आणि वेग सेकंदाला ४० ठोक्यांच्या जवळ असतो. आपल्या येथे कोणत्या सेटिंगवर करंट दिला गेला, हे एकदा लिहून घ्या.

शेवटचा प्रश्न, बिघाड भरून निघतो का. उखडलेले मायलिन करंटने परत येत नाही. तरीही सगळा परिणाम स्नायूपुरताच असतो, असेही म्हणता येत नाही. कॅनडातील अल्बर्टा येथे पाऊल उचलणारे यंत्र काही महिने वापरलेल्या रुग्णांत, यंत्र बंद असताना मेंदूवर चुंबकीय ठोका देऊन नडगीच्या स्नायूचा प्रतिसाद मोजला गेला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार पक्षाघातासारख्या स्थिर आजारांत तो प्रतिसाद ५० टक्क्यांनी आणि एमएससारख्या वाढत्या आजारांत २७ टक्क्यांनी वाढला. मेंदूपासून पायापर्यंत जे तंतू उरले आहेत, त्यांचा वापर अधिक चांगला होऊ लागतो, असा याचा अर्थ मी लावतो. ज्या आजारात दरवर्षी काहीतरी हातातून निसटते, त्या आजारात २७ हा आकडा मला लहान वाटत नाही.

संत्रानगरी_५२

मी स्वतः एमएसची रुग्ण आहे आणि पाऊल उचलणारे यंत्र डाव्या पायाला चार वर्षांपासून वापरते आहे. टाचेखाली एक पातळ बटण असते. टाच उचलली की करंट सुरू होतो आणि टाच टेकली की थांबतो, त्यामुळे करंट फक्त पाऊल हवेत असतानाच मिळतो.

वहिनींना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. नागपूरच्या मे महिन्यात माझ्या शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी डोळ्यांपुढे धूसर होते आणि पाय मेणासारखा होतो. आजाराने उघडे पडलेले तंतू उष्णतेत संदेश वाहून नेईनासे होतात आणि या लक्षणाला १८९० मध्ये ते नोंदवणाऱ्या ऊटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाचे नाव आहे, असे मला माझ्या डॉक्टरांनी सांगितले होते. अशा दुपारी मी कितीही ठरवले तरी पाऊल उचलत नाही, आणि यंत्र लावले की त्याच क्षणी उचलते. बिघाड माझ्या पायाच्या चेतेत नाही, तो वर आहे, हे मला पुस्तकातून कळले नव्हते, ते त्या दुपारी कळले. त्याआधी माझा पायच मेला आहे, असे मी धरून चालले होते.

उन्हाळ्यातला खरा त्रास घामाचा आहे. पॅड सुटतात, त्यांची एक कड उचलली गेली की सगळा करंट उरलेल्या भागात एकवटतो आणि चटका बसतो. मी पायाचे लांब केस कात्रीने कापते, वस्तऱ्याने काढत नाही, कारण वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांवर करंट झोंबतो. त्या जागी तेल किंवा क्रीम लावत नाही. पॅडची जागा बॉलपेनने आखून ठेवते, नाहीतर रोज सकाळी ती नव्याने शोधण्यात अर्धा तास जातो.

कृष्णाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. आपली उत्तरे मी पत्नीला वाचून दाखवली. संत्रानगरीताईंचे "माझा पायच मेला आहे" हे वाक्य आले तेव्हा तिने मला थांबवले आणि तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला.

चढ दीड सेकंदाचा करून घेतला आणि करंट थोडा कमी केला. थडथड थांबली आणि गेल्या नऊ बैठकांत पोटरीत गोळा आलेला नाही. फिजिओथेरपिस्ट मॅडमनीही स्वतःहून सेटिंगची वही ठेवायला सुरुवात केली आहे. काल पाऊल उचलणारे यंत्र प्रथमच लावून पाहिले. घरापुढच्या अंगणात दहा मीटर अंतर आखून घेतले होते. यंत्राशिवाय तिला २४ सेकंद लागले आणि यंत्र लावून २० सेकंद.

दोन शंका उरल्या आहेत. यंत्र घेतल्यावर व्यायाम कमी केला तर चालेल का, कारण ती लवकर थकते? आणि पाऊल वर येताना बरेच बाहेरच्या बाजूला वळते, हे योग्य आहे का?

घोटा_आणि_चवडा

व्यायाम कमी करू नका. २००९ मध्ये इंग्लंडमधील सॉल्सबरीच्या गटाने एमएसच्या दुसऱ्या, म्हणजे वाढत जाणाऱ्या टप्प्यातील रुग्णांचे दोन गट केले होते. एकाला असे यंत्र दिले आणि दुसऱ्याला घरी करायचे व्यायाम दिले. यंत्र चालू असताना पहिल्या गटाची चाल सुधारत होती, पण १८ आठवड्यांनंतर यंत्राशिवाय चालण्यात व्यायामाच्या गटाने अधिक प्रगती केली होती. म्हणून यंत्राकडे चष्म्यासारखे बघावे, लावले की उपयोग होतो. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने मेंदू आणि मज्जारज्जूच्या विकारांतील लोंबणाऱ्या पावलासाठी ही पद्धत चाल सुधारण्याच्या दृष्टीने स्वीकारली. थकव्याबद्दल म्हणाल, तर करंट दर वेळी स्नायूतल्या त्याच त्या तंतूंना एकाच वेळी कामाला लावतो आणि तंतूंना आळीपाळीने विश्रांती मिळत नाही, त्यामुळे स्नायू स्वतःच्या इच्छेने केलेल्या हालचालीपेक्षा लवकर दमतो. सुरुवातीला दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे पुरेशी आहेत आणि व्यायाम सकाळच्या गारव्यात करावा.

पाऊल किंचित बाहेर वळलेले चांगले, कारण ते आत वळले तर घोटा मुरगळतो. परंतु "बरेच" वळत असेल तर पॅडची जागा बदलायला हवी. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या जरा खालून ही चेता वळसा घालून पुढे येते आणि तिच्या दोन शाखा होतात. एक पाऊल वर उचलते, दुसरी बाहेर वळवते. तुमचे वरचे पॅड बहुधा मागे सरकलेले आहे आणि दुसऱ्या शाखेला जास्त करंट मिळतो आहे. करंट बंद करून ते पॅड सुमारे एक सेंटीमीटर पुढे, नडगीच्या कडेकडे घ्या, पुन्हा शून्यापासून हळूहळू वाढवा, आणि हे बसून पाहून झाल्यावर उभे राहून पुन्हा पाहा, कारण उभे राहिल्यावर त्वचा चेतेवरून सरकते. अंगठा आणि करंगळी जवळजवळ एका पातळीत वर येऊ लागली की संत्रानगरीताईंनी सांगितल्याप्रमाणे बॉलपेनने खूण करून ठेवा.